गीताईच्या मागची आई

उरणच्या इतिहासांत १९३० हें साल विसरतां येण्यासारखें नाहीं. त्या वर्षीं २५ सप्टेंबर रोजीं चिरनेर येथें जंगल सत्याग्रहांत गोळीबार झाला व सत्याग्रही धारातीर्थीं पडले. त्यांचीं नांवें आजहि आदरानें घेतलीं जातात. परंतु ज्या मातांनीं त्यांना वाढविलें, त्यांच्याविषयीं इतिहास मौन धरतो. रणांगण व कारागृह येथवर त्याची दृष्टि पोंचते. देवघर आणि चूल त्यास दिसत नाहींत. म्हणून याच प्रदेशांतील ज्या एका मातेविषयीं कांहीं निश्चित माहिती उरली आहे, तिचें स्मरण करणें आम्हांस अगत्याचें वाटतें. ही माता म्हणजे विनोबा भावे यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई होत.

उरणला लागून असलेल्या पेण तालुक्यांत गागोदें हें गांव आहे. तेथें ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनोबांचा जन्म झाला. पुढें हें कुटुंब बडोद्यास गेलें. रुक्मिणीबाईंस शाळेचें शिक्षण लाभलें नव्हतें. वाचावयास त्या उशिरां शिकल्या. एवढ्यावरून त्यांची श्रद्धा आंधळी होती असें मात्र कोणी समजूं नये.

एकदां त्यांनीं देवास तांदळाचे लक्ष दाणे वाहण्याचा नेम धरला. त्या एकेक दाणा मोजून वाहत. पति नरहरराव यांनीं सुचविलें कीं, तोळाभर तांदळांत किती दाणे भरतात तें पाहून हिशेब करावा. बाईंना उत्तर सुचेना. त्यांनीं मुलास विचारलें. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचें स्मरण घडतें, हा केवळ गणिताचा प्रश्न नव्हे, असें त्यानें सांगितल्यावर त्यांचें समाधान झालें. दुसऱ्या एका प्रसंगीं शिकविण्याची पाळी आईची होती. शेजारीण परगांवीं गेली असतां बाई तिच्या घरचा स्वयंपाक करीत, पण आपल्या घरचा आधीं उरकून. हा स्वार्थ नव्हे काय, असें मुलानें विचारलें. तिकडचा आधीं केला तर त्यांना अन्न थंड खावें लागेल, असें आईनें उत्तर दिलें. दोघांचें नातें असें होतें: श्रद्धेस प्रश्नाचें भय नव्हतें व प्रश्नास श्रद्धेचा तिटकारा नव्हता.

हा मुलगा मार्च १९१६ मध्यें इंटरच्या परीक्षेसाठीं म्हणून निघाला, तो काशीस गेला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत रुक्मिणीबाई निवर्तल्या. अखेरच्या आजारांत विनोबा जवळ होते. परंतु अंत्यविधि पुरोहितांकरवीं व्हावयाचा ठरल्यामुळें ते स्मशानांत गेले नाहींत, घरींच वेदाध्ययन करीत बसले. सामान्य कुटुंबवत्सल मनास हें रुचणें कठीण आहे. आम्हांसहि तें सहज पचत नाहीं. तथापि आईचें ऋण त्यांनीं निराळ्या मार्गानें फेडलें, हेंहि नाकारतां येत नाहीं.

गीतेचें प्रवचन ऐकून संस्कृत कळत नाहीं, अशी खंत बाईंनीं व्यक्त केली होती. विनोबांनीं वामन पंडितांचें मराठी भाषांतर आणून दिलें. तेंहि त्यांना अवघड वाटलें. मग सोपी गीता तूंच कां लिहीत नाहींस, असें त्यांनीं मुलासच विचारलें. ७ ऑक्टोबर १९३० रोजीं, चिरनेरच्या गोळीबारानंतर अवघ्या बारा दिवसांनीं, विनोबांनीं तें काम हातीं घेतलें व ६ फेब्रुवारी १९३१ रोजीं पुरें केलें. ग्रंथाच्या नांवांतच 'आई' आली. जिनें तो मागितला, तिला जाऊन तेव्हां बारा वर्षें होऊन गेलीं होतीं.

रुक्मिणीबाईंविषयीं आपण जें जाणतों, तें बहुतांशीं पुत्राच्या तोंडून आलेलें आहे. पुत्र लिहिणारा व बोलणारा निघाला म्हणून आई उरली. चिरनेरच्या शेतकरी मातांस अशी सोय नव्हती. उरण-पेणकडच्या घरांतून अशा मातांच्या आठवणी सांगणारीं माणसें अद्याप असतील, तर त्यांच्याजवळ बसून त्या वेळींच उतरून घ्याव्या, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.