रग्बी लीगमधला ‘परदेशी’ खेळाडू कोण? कोटा, पासपोर्ट आणि देशाची जर्सी यांचे नियम समजून घ्या

आयपीएल पाहणाऱ्याला परदेशी खेळाडूंचा हिशेब तोंडपाठ असतो. मैदानावरच्या अकरा जणांत जास्तीत जास्त ४. इंग्लंडच्या रग्बी लीगमध्ये मात्र ‘परदेशी’ या शब्दावरच गेली चाळीस वर्षं वाद चालू आहे. तिथे एखादा खेळाडू व्हिसा अधिकाऱ्यासमोर ब्रिटिश ठरतो, क्लबच्या यादीत परदेशी ठरतो आणि वर्ल्डकपला टोंगा किंवा सामोआकडून उतरतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, कारण तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

आधी खेळाविषयी

रग्बीचे दोन प्रकार आहेत. १५ खेळाडूंचा तो रग्बी युनियन आणि १३ खेळाडूंचा तो रग्बी लीग. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधले क्लब मुख्य संघटनेतून बाहेर पडले. सामन्यासाठी कामगारांची मजुरी बुडते, तिची भरपाई द्यायची की नाही, हे भांडणाचं मूळ होतं. म्हणजे लीगचा जन्मच पोटापाण्याच्या प्रश्नातून झाला. आज या खेळाच्या दोन मोठ्या व्यावसायिक स्पर्धा आहेत. एक इंग्लंडची सुपर लीग (१९९६ पासून), दुसरी ऑस्ट्रेलियाची एनआरएल. ऑस्ट्रेलियात खेळाडूही जास्त आणि पैसाही जास्त. त्यामुळे इंग्लिश क्लबांची नजर कायम तिकडे असते.

कोटा का आला?

दुसऱ्या महायुद्धानंतर बराच काळ दोन्ही देशांत एकमेकांचे खेळाडू उचलण्यावर बंदी होती. ती १९८३ मध्ये उठली आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे खेळाडू मोठ्या संख्येने इंग्लंडला येऊ लागले. १९८५ ची चॅलेंज कप फायनल हे त्याचं ठळक उदाहरण. विगनने हलला २८-२४ असं हरवलं. विगनकडे ब्रेट केनी होता आणि हलकडे पीटर स्टर्लिंग. हे दोघे सिडनीच्या पॅरामाटा क्लबमधले जोडीदार. त्या दिवशी दोन्ही संघांत मिळून १० परदेशी खेळाडू होते. सामना आजही गाजलेला मानला जातो, पण प्रश्नही तिथेच उभा राहिला. बाहेरून तयार खेळाडू मिळत असेल तर क्लब गावातल्या पोरावर पाच-सहा वर्षं कशाला खर्च करेल? परदेशी खेळाडूंवरची मर्यादा, म्हणजेच कोटा, याच प्रश्नाचं उत्तर म्हणून आजवर टिकून आहे.

कोल्पाक: एका हँडबॉलपटूने उघडलेली वाट

सुरुवातीला ‘परदेशी’ म्हणजे परदेशी पासपोर्टवाला, असा सरळ हिशेब होता. युरोपातल्या न्यायालयाने तो मोडला. मारोश कोल्पाक हा स्लोव्हाकियाचा हँडबॉल गोलरक्षक जर्मनीत कायदेशीररीत्या काम करत होता. स्लोव्हाकिया तेव्हा युरोपियन युनियनमध्ये नव्हता, पण युनियनशी त्याचा करार होता. मे २००३ मध्ये निकाल लागला. अशा करारातल्या देशाचा माणूस एकदा कायदेशीर नोकरीवर असेल, तर राष्ट्रीयत्व बघून त्याला कोट्यात अडकवता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

असेच करार युनियनने आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या अनेक देशांशी केले होते. त्यांत फिजी, सामोआ, टोंगा आणि पापुआ न्यू गिनी होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड नव्हते. सिडनी-ऑकलंडमध्ये वाढलेल्या कितीतरी खेळाडूंचे आईवडील याच बेटांवरचे. बेटाचा पासपोर्ट हाती आला की खेळाडू कोट्याबाहेर! अशा खेळाडूंना ‘कोल्पाक खेळाडू’ हे नावच पडलं.

एक गोष्ट मात्र बऱ्याचदा विसरली जाते. कोल्पाक निकालाने देशात येण्याचा हक्क दिला नव्हता. व्हिसा लागायचाच. निकालाचा फायदा आत आल्यानंतरचा.

मग पासपोर्टऐवजी प्रशिक्षण

पासपोर्टवरचा कोटा असा पोकळ झाल्यावर इंग्लिश लीगने मोजमापच बदललं. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘फेडरेशन ट्रेन्ड’ ही कल्पना पुढे आली. आता खेळाडू कुठे घडला, हे बघितलं जातं. साधारण नियम असा, की २१ वर्षांखालच्या वयोगटातून बाहेर पडेपर्यंत त्याने इथल्या क्लबांत किमान ३ पूर्ण हंगाम काढलेले हवेत. युरोपियन फुटबॉलने ‘होमग्रोन’ खेळाडूंसाठी अशीच पद्धत आणली.

याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. सामोआत जन्मलेला, पण लहानपणापासून विगनच्या अकादमीत घडलेला मुलगा कोट्यात मोजला जात नाही. उलट ब्रिस्बेनमध्ये घडलेला खेळाडू आजोबांच्या आधारावर ब्रिटनमध्ये राहू शकला, तरी क्लबच्या हिशेबात तो सहसा बाहेरचाच.

अशा बाहेर घडलेल्या खेळाडूंची मर्यादा प्रत्येक क्लबला पूर्वी ५ होती, नंतर ७ झाली. २०२५ मध्ये क्लबांनी ती २०२६ च्या हंगामापासून १० करण्याच्या बाजूने मतदान केलं. वाढीच्या बाजूचे म्हणतात, चांगले स्थानिक खेळाडू मोजकेच आहेत आणि तेही एनआरएल उचलून नेते, मग स्पर्धेचा दर्जा टिकवायचा कसा? विरोधकांचं गणित साधं आहे. मैदानावर जागा १३. बाहेरचा एक वाढला की अकादमीतला एक बाकावर जातो.

एनआरएलमध्ये असा परदेशी कोटा नाही. न्यूझीलंडच्या नागरिकांना ऑस्ट्रेलियात राहण्या-कमावण्याची मुभा फार जुनी आहे आणि ऑकलंडचा क्लब १९९५ पासून त्याच स्पर्धेत खेळतो.

व्हिसा: कोट्याहून वेगळा दरवाजा

कोट्यात जागा असली म्हणजे काम झालं असं नाही. ब्रिटनमध्ये नोकरी करायची परवानगी सरकार देतं, लीग नाही. त्यासाठी खेळाच्या नियामक संस्थेची शिफारस लागते. आजी किंवा आजोबांचा जन्म ब्रिटनमधला असेल, तर राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना वेगळा वंशाधारित व्हिसाही मिळू शकतो.

या कागदांकडे दुर्लक्ष महागात पडतं. २००९ मध्ये वेल्समधल्या सेल्टिक क्रुसेडर्स क्लबच्या ६ ऑस्ट्रेलियन खेळाडूंना व्हिसाच्या अटी मोडल्यामुळे भर हंगामात ब्रिटन सोडावं लागलं.

ब्रेक्झिटनंतर ही बाजू आणखी कडक झाली. ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला आणि ब्रिटनपुरती कोल्पाकची वाट बंद झाली. ही तारीख गोव्यातल्या घरांनाही ठाऊक आहे. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज अमलाच्या आधारावर पोर्तुगालचं नागरिकत्व घेऊन अनेक गोवेकर ब्रिटनमध्ये कामाला गेले. युरोपियन नागरिक म्हणून नव्याने तिथे जाऊन नोकरी धरण्याची त्यांची सोयही त्याच दिवशी संपली.

देशाची जर्सी: इथे हिशेब आजी-आजोबांचा

तिसरा नियम राष्ट्रीय संघाचा. रग्बी लीगमध्ये स्वतःचा जन्म, आईवडील किंवा आजी-आजोबांचा जन्म, अथवा सलग दीर्घ वास्तव्य, यांपैकी एका आधारावर देश निवडता येतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इंग्लंड हे पहिल्या श्रेणीचे संघ. पात्रता असेल तर यांपैकी एकाकडून खेळलेला खेळाडू दुसऱ्या श्रेणीच्या संघाकडे जाऊ शकतो.

या सवलतीने खेळाचा नकाशा बदलला. २०१७ च्या वर्ल्डकपआधी जेसन टॉमालोलोने न्यूझीलंड आणि अँड्र्यू फिफिटाने ऑस्ट्रेलिया सोडून टोंगाची निवड केली. त्या स्पर्धेत टोंगाने न्यूझीलंडला २८-२२ असं हरवलं. पुढच्या वर्ल्डकपमध्ये, २०२२ साली, सामोआने थेट फायनल गाठली.

भारताचा नियम याच्या अगदी उलट आहे. २००८ पासून भारतीय पासपोर्ट असल्याशिवाय भारताकडून खेळता येत नाही, ओसीआय कार्ड चालत नाही. भारतीय वडील आणि जपानी आई असलेला, पुणे एफसीकडून खेळणारा फुटबॉलपटू इझुमी अराता याला म्हणूनच जपानचं नागरिकत्व सोडावं लागलं. तेव्हा कुठे २०१३ मध्ये त्याला भारताची जर्सी मिळाली.

थोडक्यात

- तिथे नोकरी करता येईल का? पासपोर्ट आणि व्हिसा ठरवतात.
- क्लबच्या कोट्यात मोजला जाईल का? कोवळ्या वयातलं प्रशिक्षण ठरवतं.
- कोणत्या देशाकडून खेळेल? जन्म, आईवडील, आजी-आजोबा किंवा वास्तव्य ठरवतं.

या तिन्ही नियमांत सर्वाधिक भरडला जातो तो पापुआ न्यू गिनीसारख्या देशातला मुलगा. रग्बी लीग हा त्याच्या देशाचा लाडका खेळ, पण घरच्या मातीत मोठी व्यावसायिक लीग नाही. कोल्पाकची सोय गेली आणि इंग्लंडच्या कोट्यातही त्याची स्पर्धा नावाजलेल्या ऑस्ट्रेलियन खेळाडूंशी. २०२८ पासून पोर्ट मोर्स्बीचा संघ एनआरएलमध्ये उतरणार आहे. ऑस्ट्रेलिया सरकार त्यासाठी १० वर्षांत ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देणार आहे. तेव्हा पहिल्यांदाच तिथल्या पोरांना आपल्याच देशातल्या संघातून, आपल्याच प्रेक्षकांसमोर या लीगमध्ये खेळता येईल.