दोन वंशावळींची एक वंशावळ

देवळाचा जीर्णोद्धार निघाला की गावातल्या जुन्या पेट्या उघडतात. सभामंडपाचा खांब कोणाच्या पूर्वजाने दिला, दीपमाळेचे तेल कोणाकडे, पालखीला पहिला खांदा कोणत्या घराचा, असे प्रश्न निघतात आणि त्यांच्यामागोमाग वंशावळ येते. ग्रामदैवताच्या या जीर्णोद्धारातही तसेच घडले. पालखीचे मानकरी असलेल्या घराण्याच्या दोन शाखा, एक वरच्या आळीची व एक खालच्या आळीची. वरच्या आळीकडे वडिलोपार्जित वही होती. ती कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने संगणकात भरली. खालच्या आळीच्या मुंबईकर मंडळींनी आपली वंशावळ अगोदरच भरून ठेवलेली. स्मरणिकेत एकच वंशावळ छापावी असे ठरले आणि काम वाटले त्याहून अवघड निघाले.

हे काम तसे फार जुने आहे. शिवकाळात व पेशवाईत वतनाचा तंटा लागला म्हणजे गोतसभा बसे. दोन्ही वादी आपापला करीना, म्हणजे मूळ पुरुषापासूनची हकीकत, लिहून मांडत. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार साक्षी देत. निवाड्याचा महजर होई व हरणाऱ्याकडून येजितखत लिहून घेतले जाई. पुष्कळ तंट्यांचे मूळ एकच असे, वडीलकी कोणाची? कारण पहिला विडा, पहिला टिळा, होळीची पहिली पोळी वडील शाखेची. पुढे १८५२ साली इंग्रज सरकारने इनाम कमिशन नेमून सनदांची छाननी चालविली, तेव्हा इनामदारांना आपला वंश सिद्ध करून दाखवावा लागला. १८७४ च्या वतन कायद्यानेही वतनदारांच्या नोंदींना महत्त्व आले. मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. मान मात्र देवळात शिल्लक राहिले!

संगणकावरील वंशावळीचा उगम दूरचा आहे. अमेरिकेत युटा येथील मॉर्मन पंथात पूर्वजांच्या नावे धर्मविधी करतात. त्यासाठी १८९४ साली त्यांनी वंशावळ मंडळ काढले. एका संगणकावरील वंशावळ दुसऱ्यावर नेता यावी म्हणून १९८४ साली याच पंथाने 'जेडकॉम' नावाची लेखनपद्धती प्रसिद्ध केली. आज वंशावळीचे बहुतेक प्रोग्रॅम ती वाचतात. तीत प्रत्येक माणसाला एक क्रमांक असतो, आणि नवरा, बायको, मुले मिळून होणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला वेगळा क्रमांक.

दोन फाइली जोडताना पहिली अडचण अशी की दोन्हींत तेच ते क्रमांक असतात. म्हणून प्रोग्रॅम एका फाइलीतील माणसांना नवे क्रमांक देतो. मग माणसांची सरमिसळ टळते, पण मूळ पुरुष दोनदा दिसू लागतो आणि त्याची मुलेही दोनदा. नाव, जन्मसाल व आईबाप पाहून प्रोग्रॅम सारखे वाटणारे जोड सुचवितो. ते एकच, की दोन वेगळे, हे माणसाने सांगावयाचे.

येथेच खरी कसोटी लागली. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची आपली रीत, त्यामुळे एकाच नावाचे चार पुरुष. वहीत 'रामजी', फाइलीत 'रामचंद्र'. वहीत शके १८०२, फाइलीत सन १८८०. साल एकच, पण जेडकॉममध्ये शालिवाहन शकाला स्वतंत्र जागा नाही, तेव्हा सगळे शक ७८ मिळवून बदलावे लागले. (पौषात जन्म असेल तर ७९ सुद्धा.) स्त्रियांची कथा निराळीच. वहीत त्यांची नावेच नाहीत, क्वचित 'कन्या १' एवढाच उल्लेख. सासरी नाव बदललेले, त्यामुळे दोन घरांच्या कागदांत तीच बाई दोन बाया होऊन बसते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला; अशा काळात 'कन्या १' लिहून भागत नाही. त्या मुलीने आळीतील घरोघरच्या वृद्ध स्त्रियांना विचारून जमतील तेवढी नावे भरली.

सर्वांत मोठी गाठ दत्तकाची निघाली. वहीत एका मुलापुढे 'दत्तक गेला' एवढेच शब्द. कोठे, ते नाही. खालच्या आळीच्या फाइलीत त्याच पिढीत एक पुरुष, नाव निराळे, आणि आजची सारी खालची आळी त्याचाच विस्तार. प्रोग्रॅमने हा जोड सुचविला नाही. सुचविणार तरी कसा? दत्तकविधीत नाव बदलले होते. घराण्यातील एका आजींनी सासूकडून ऐकलेली हकीकत सांगितली, तेव्हा ते दोन पुरुष एक झाले. जन्मदात्या व दत्तक अशा दोन्ही कुटुंबांशी त्याचे नाते दाखविण्याची सोय जेडकॉममध्ये आहे. म्हणजे पालखीच्या पहिल्या खांद्यासाठी कित्येक वर्षे एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन्ही आळ्या रक्ताने एकाच घरच्या निघाल्या. यावर बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

वडीलकी मात्र ठरली नाही. मूळ पुरुषाच्या दोन मुलांत थोरला कोण याची जन्मनोंद मिळत नाही, आणि जोडताना जी फाइल आधी धरावी तिच्यातला क्रम वर येतो, हे ध्यानात आल्यावर दोन्हीकडून हरकती आल्या. शेवटी दोघांपुढे 'वडीलपण अनिर्णीत' असा शेरा मारला. दोन्ही मूळ फाइली, जोडलेली फाइल व वहीची छायाप्रत मंदिराच्या कपाटात ठेवली आहे.