समूहवादन, शाळा आणि सत्ता : ऑर्फप्रणीत शालेय संगीताचा इतिहास

शाळेत मुलांनी एकत्र तालवाद्ये वाजविण्याचे महत्त्व आज बहुतेक शिक्षणतज्ज्ञ मान्य करतात. एकाग्रता, सहकार्य, शिस्त असे त्याचे लाभ सांगितले जातात. मात्र या पद्धतीने स्वतःच्याच इतिहासात काय अनुभवले, याचा उल्लेख सहसा होत नाही. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ (१८९५-१९८२) यांच्या शालेय संगीतपद्धतीच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

डोरोथे ग्युंटर आणि ऑर्फ यांनी १९२४ मध्ये म्युनिक येथे 'ग्युंटरशूल' ही संस्था स्थापन केली. तेथे व्यायाम, नृत्य व संगीत एकत्र शिकविले जाई. विद्यार्थिनी प्रामुख्याने नृत्याच्या होत्या. व्हायोलिन किंवा पियानो शिकण्यात वर्षे घालविणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून पहिल्याच दिवशी हाती घेता येतील अशा वाद्यांचा शोध सुरू झाला. हार्प्सिकॉर्ड बनविणारे कारागीर कार्ल मेंडलर यांनी लाकडी व धातूच्या पट्ट्यांची वाद्ये तयार केली. त्यांची कुळी आफ्रिकेत आणि इंडोनेशियात आहे. १९२६ मध्ये विद्यार्थिनी म्हणून आलेल्या गुनिल्ड केटमन यांनी पुढे या वाद्यांसाठी विपुल रचना केल्या. त्या मानाने त्यांचे नाव फारच कमी घेतले जाते.

वाद्यांच्या बाबतीत ऑर्फ यांना सल्ला देणाऱ्यांत संगीतेतिहासकार कुर्ट झाक्स होते. होर्नबोस्टेल यांच्यासह त्यांनी १९१४ मध्ये मांडलेले वाद्यवर्गीकरण आजही प्रमाण मानले जाते. त्याचा पाया असलेली मायों यांची चतुर्विध विभागणी नाट्यशास्त्रातील तत, सुषिर, अवनद्ध व घन या वर्गांशी जुळते. ब्रुसेल्सच्या ज्या संग्रहालयात मायों काम करीत, तेथे सौरींद्रमोहन टागोर यांनी पाठविलेली भारतीय वाद्ये होती, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

या पद्धतीचे मर्म वाद्यांपेक्षा रचनेत आहे. एक मूल दोनच स्वर संथपणे वाजवीत राहते, दुसरे एक छोटी आकृती पुनःपुन्हा वाजवते, तिसरे त्यावर स्वतःला सुचेल ते वाजवते. नको असलेल्या स्वरांच्या पट्ट्या काढून ठेवता येतात. राहिलेल्या पाच स्वरांत बेसूर होण्याची भीती फारशी राहत नाही. प्रत्येकाच्या कामाची काठिण्यपातळी वेगळी, पण कोणाचेही काम वगळता येत नाही. दुर्बल विद्यार्थ्याला मागे बसवून ठेवण्याची सवय असलेल्या वर्गव्यवस्थेत ही मोठीच गोष्ट होय.

परंतु १९३३ मध्ये राजवट बदलली. ज्यू असल्याने झाक्स पदच्युत झाले आणि त्यांनी जर्मनी सोडली. तीनच वर्षांनी, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या उद्घाटनदिनी सायंकाळी झालेल्या महोत्सवात, हजारो मुलांच्या समूहरचनेसाठी ऑर्फ व केटमन यांचे संगीत वाजले. साधने तीच होती. बदलले होते ते प्रयोजन. मैदानात मुलांकडून सुचलेले काही वाजविण्याची अपेक्षा नव्हती. दूरवरून पाहणाऱ्यांना एकसंध आकृती दिसावी, एवढीच अपेक्षा होती. याचे खापर केवळ ऑर्फ यांच्यावर फोडून प्रश्न संपत नाही. लय माणसांना जोडते हे खरे, पण कशासाठी जोडायचे हे ती सांगत नाही. १९४४ मध्ये संस्था बंद करण्यात आली आणि १९४५ च्या बॉम्बवर्षावात तिची इमारत व बहुतेक वाद्ये नष्ट झाली.

पुनरारंभ आकाशवाणीवरून झाला. १९४८ मध्ये बव्हेरियन रेडिओने मुलांसाठी या पद्धतीचे कार्यक्रम सुरू केले. वाद्ये मिळत नव्हती. मेंडलर यांच्याकडे काम शिकलेल्या क्लाउस बेकर यांनी ती बनविण्यास प्रारंभ करून १९४९ मध्ये स्वतंत्र कार्यशाळा काढली. १९५० ते १९५४ या काळात 'शूलवेर्क'चे पाच खंड निघाले आणि १९६१ मध्ये साल्झबर्ग येथे प्रशिक्षणसंस्था उभी राहिली.

पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतील टँगलवुड परिसंवादाने सर्व काळांतील व संस्कृतींतील संगीताला अभ्यासक्रमात स्थान असावे, अशी भूमिका घेतली. या काळापासून पश्चिम आफ्रिकेतील एव्हे समाजाचे वादनही अमेरिकन शिक्षणसंस्थांत क्रमाने शिरले. त्यात गान्कोगुई ही लोखंडी घंटा काळाचे भान ठेवते, आक्सात्से हे खुळखुळ्यासारखे वाद्य तिला साथ देते, आणि लहानमोठे ढोल एकमेकांच्या आघातांमधील मोकळ्या जागा भरतात. सर्वांनी एकच ठोका देणे येथे अभिप्रेतच नाही. शेजाऱ्याचे न ऐकणाऱ्यास स्वतःचा ठेका सांभाळणेही अवघड जाते. हे वादन मुळात अंत्यविधी, उत्सव व नृत्याचे आहे. वर्गात चाळीस मिनिटांच्या तासिकेत ते आणताना नृत्य गळते, भाषा गळते, आणि उरलेल्या ठेक्याला 'जागतिक संगीत' असे ढोबळ नाव मिळते.

आपल्याकडील शालेय लेझीमकडेही या दृष्टीने पाहता येईल. हलगीच्या किंवा ढोलाच्या तालावर चालणारा हा खेळ मैदानावरील कवायतीत सामावला गेला, तेव्हा रांगा सरळ झाल्या आणि हात एकाच वेळी उठू लागले. गावातील लेझीममध्ये गडी वाजविणाऱ्याकडे पाहून चाल बदलतात, तर शाळेत बहुधा शिक्षकांच्या शिट्टीवर बदलतात. वादकाला मैदानाच्या कडेला उभे करायचे की मुलांच्या मधोमध, हा निर्णय मात्र प्रत्येक शाळा आजही स्वतः घेऊ शकते.