झुरळाचे काळीज

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की फडताळामागून, मोरीच्या कोपऱ्यातून, जुन्या ट्रंकेखालून जो प्राणी जिवाच्या आकांताने बाहेर पळतो आणि ज्याच्यामागे घरातली सगळी मंडळी केरसुणी घेऊन धावतात, त्याच्या हृदयाचा इतिहास मी येथे सांगणार आहे. संपादकांनी इतिहासावर लेख मागितला, तेव्हा त्यांच्या मनात एखादा गड किंवा वाडा असणार. आमचे शिरवळ त्या बाबतीत दरिद्री नाही. सुभानमंगळ आहे, डोंगरात कोरलेली लेणी आहेत, नीरेच्या पाण्याने पाहिलेल्या लढाया आहेत. पण त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. झुरळाला कोणी बखरकार मिळालेला नाही. मी मॅट्रिक झालेला मास्तर, कादंबऱ्या लिहिणारा. माझे विज्ञान वर्गातल्या फळ्याएवढेच. तरी त्या फळ्यावर झुरळाचे चित्र मी इतक्या वेळा काढले आहे, की त्याच्याशी थोडा घरोबा झाला आहे असे म्हणायला हरकत नाही.

झुरळाला हृदय असते, हे सांगितले की वर्गात निम्मी मुले हसतात. असते, आणि ते छातीत नसून पाठीत असते. पाठीच्या कण्याच्या जागी, कातडीखाली, एक लांब नळी. तिचे तेरा कप्पे, एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखे. दोन्ही बाजूंच्या बारीक भोकांतून रक्त आत शिरते आणि नळी आवळली की पुढे डोक्याकडे ढकलले जाते. तेथून पुढे ना धमन्यांचे जाळे, ना शिरा. सगळे रक्त अंगातल्या पोकळीत मोकळे वाहते. ते लालही नसते, कारण प्राणवायू वाहण्याचे काम त्याच्याकडे नाहीच. हवा अंगावरच्या छिद्रांतून निघणाऱ्या वेगळ्या नळ्यांनी थेट आत पोचते. म्हणून आपले हृदय चार मिनिटे थांबले तर घरात रडारड सुरू होते, आणि कीटकाचे हृदय काही वेळ थांबले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. रेशमाच्या पतंगाचे हृदय तर मधूनच उलट्या दिशेने चालू लागते. पुढे चाललेली मिरवणूक एकाएकी मागे वळावी तसे!

ही पाठीतली नळी नीट पाहून जगाला सांगितली ती इटलीतल्या बोलोन्याच्या मार्चेलो माल्पिघी या वैद्याने. रेशमाचा किडा चिरून त्याने जो ग्रंथ लिहिला तो लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६९ साली छापला. नळीचे कप्पे पाहून ही छोट्या हृदयांची माळच आहे, असे त्याला वाटले. साल लक्षात ठेवावे. पुढच्याच वर्षी, १६७० च्या फेब्रुवारीत, आमच्यापासून फार दूर नसलेल्या सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. एकाच काळात एक माणूस किड्याच्या हृदयावर भिंग धरून बसलेला, आणि दुसरा रात्री कडा चढणारा. इतिहासाच्या पुस्तकात हे दोघे कधी एका पानावर येत नाहीत. (इटालियन माणसांचे रेशमाचे वेड पुढे पुण्यापर्यंत पोचले. एकोणिसाव्या शतकात मुत्ती नावाच्या गृहस्थाने कोथरूडला तुतीची बाग केली होती. प्रयोग अखेर फसला.)

हृदय दिसले, पण ते चालवतो कोण? मज्जातंतू हृदयापर्यंत जातात हे माहीत होते. तंतूला विजेचा झटका दिला की बेडकाचे हृदय मंद होते, हेही ठाऊक होते. प्रश्न एवढाच होता, की तंतूचे टोक आणि हृदयाचा स्नायू यांच्या मधल्या फटीतून निरोप जातो कसा? वीज उडी मारते, असे पुष्कळांचे मत. ऑस्ट्रियात ग्राट्स येथे प्राध्यापक असलेल्या ओटो लोवी यांना वाटे, की मध्ये एखादे रसायन असावे. पण सिद्ध कसे करावे, हे बरीच वर्षे सुचेना. मग १९२० च्या ईस्टरच्या आदल्या रात्री, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे, त्यांना झोपेत एक प्रयोग सुचला. उठून त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी खरडले आणि पुन्हा झोपले. सकाळी पाहतात तो स्वतःचेच अक्षर स्वतःला लागेना! सगळा दिवस त्या चिटोऱ्याकडे पाहण्यात गेला. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना मला या गृहस्थांची नेहमी आठवण होते. सुदैवाने दुसऱ्या रात्री तीन वाजता तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी त्यांनी कागदावर भरवसा ठेवला नाही. उठून सरळ प्रयोगशाळा गाठली.

प्रयोग असा. बेडकांची दोन हृदये मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवली. पहिल्याचा तंतू जोडलेला, दुसऱ्याचा तोडलेला. पहिल्याच्या तंतूला झटके देताच ते मंदावले. मग त्याच्याभोवतीचे पाणी घेऊन दुसऱ्या हृदयावर घातले, तर तेही मंदावले! दुसऱ्याला कोणी झटका दिला नव्हता, तंतू तर नव्हताच. म्हणजे निरोप पाण्यात उतरला होता. १९२१ साली हे छापून आले. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन, हे पुढे ठरले. इंग्लंडच्या हेन्री डेल यांनी त्याचे गुण १९१४ पासूनच टिपून ठेवले होते. १९३६ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले. दोन वर्षांनी नाझी ऑस्ट्रियात शिरले. लोवी ज्यू होते. त्यांना तुरुंगात टाकले, आणि पारितोषिकाची रक्कम सरकारच्या हवाली करून घेतल्यावरच देश सोडू दिला. १९६१ साली ते न्यूयॉर्कला वारले.

लोवींनी आणखी एक गोष्ट शोधली, आणि आपल्या कथेचे पुढचे सगळे वळण तिच्यात आहे. वर्गात मी ती अशी सांगतो. मास्तर फळ्यावर एक शब्द लिहितात, मुले वाचतात, आणि लगेच एक मुलगा उठून फळा पुसतो. पुसला म्हणूनच पुढचा शब्द लिहिता येतो. मज्जातंतू लिहितो ते अ‍ॅसिटिलकोलिनने, आणि ते पुसायला एक द्रव्य तेथे सतत हजर असते; त्याला कोलिनेस्टरेज म्हणतात. या पुसणाऱ्या मुलालाच कोणी धरून ठेवले तर? शब्दावर शब्द, त्यावर शब्द. फळ्यावर नुसता पांढरा चिखल. पश्चिम आफ्रिकेत कॅलाबारची घेवडी म्हणून एक विषारी बी आहे. गुन्हेगार ठरवण्यासाठी तेथे ती माणसाला चारीत. तिच्यातला अर्क नेमके हेच करतो, हे लोवी आणि नाव्रातिल यांनी १९२६ साली दाखवले.

आता पुन्हा झुरळाकडे. अ‍ॅसिटिलकोलिनचा थेंब बेडकाच्या हृदयावर पडला तर ते मंदावते, माणसाचेही मंदावते. तोच झुरळाच्या हृदयावर टाकला, तर ते जोराने धावू लागते! एकच शब्द, एका घरी त्याचा अर्थ ‘थांब’, दुसऱ्या घरी ‘पळ’. मला हे सगळ्या शोधांत मोठे नवल वाटते. रसायनात स्वतःचा अर्थ नसतो, वाचणाऱ्या पेशीजवळ तो असतो. झुरळाचे हृदय धावायला लावणारी इतरही रसायने सापडली. आपल्या मेंदूत असणारे सेरोटोनिन त्यातलेच. ऑक्टोपसच्या लाळग्रंथीत प्रथम सापडलेले ऑक्टोपामिन दुसरे. आपल्याकडे भीतीच्या वेळी अ‍ॅड्रिनलिन जे करते ते कीटकात साधारण हे करते. तेव्हा केरसुणी उगारली की पाठीतली नळी कशाने धडधडते, हे आता सांगता येईल. तिसरे प्रॉक्टोलिन. ते १९७५ साली कॅनडातल्या दोघा शास्त्रज्ञांनी शुद्ध स्वरूपात मिळवले, आणि त्यासाठी सव्वा लाख झुरळे वाटली! हातात आले ते एक ग्रॅमच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. दिवाळीची झाडलोट करणाऱ्या गृहिणींना हा आकडा मुद्दाम सांगावा.

आपल्याकडेही हे काम परके नाही. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी यांनी १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला, आणि केळ्यावर घोंगावणारी ती क्षुल्लक माशी तेथे मानाने नांदू लागली. थोडी उष्णता लागताच लुळ्या पडणाऱ्या माशांच्या मज्जातंतूंत नेमके काय बिघडते, यावर सिद्दीकी आणि सेमूर बेंझर यांचे काम १९७६ साली प्रसिद्ध झाले.

पण ही कथा प्रयोगशाळेतच राहिली असती तर मी ती लिहायला बसलो नसतो. जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनज्ञ पिकांवरच्या किडीसाठी नवे विष शोधत होता. १९३६ च्या डिसेंबरात त्याच्या हाती असे एक द्रव्य लागले, की त्याने कीड मेलीच. पण थोडीशी वाफ लागून त्याच्या स्वतःच्याही डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आणि श्वास कोंडला. ते द्रव्य सैन्याने उचलले. ताबुन त्याचे नाव. त्याच्याच भावकीतली सौम्य द्रव्ये युद्धानंतर शेतात आली. पॅराथिऑन हे त्यातले नामांकित. ही सगळी फॉस्फरसची मंडळी फळा पुसणाऱ्या मुलाला धरून ठेवतात. १९५० साली क्राइग्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच एक विष झुरळाच्या सुट्या हृदयावर टाकून त्याचा परिणाम अभ्यासला. मात्र कीटक मरतो तो हृदयाने नव्हे; मज्जातंतूंत गोंधळ माजून मरतो. आणि अडचण अशी, की फळा पुसणारा मुलगा किड्याच्या अंगात आहे तसाच आपल्याही अंगात आहे.

१९५८ साली केरळात पॅराथिऑन लागलेला गव्हाचा आटा खाऊन शंभराहून अधिक माणसे गेली. त्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. कायदा आला म्हणून विष थांबले नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमध्ये धरमासती गंडामन गावच्या शाळेत दुपारच्या जेवणातून मोनोक्रोटोफॉस पोटात गेले आणि २३ मुले दगावली. ती बातमी वाचल्यापासून शाळेत खिचडीचे पातेले उघडताना मी प्रथम वास घेतो. मुले हसतात, हसू देत. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले आणि शेकडो इस्पितळात पडले. पुढे २०२३ साली केंद्र सरकारने मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्क्यांचे द्रावण बंद करण्याचा आदेश काढला.

आमच्याकडे फवारणीला ‘औषध मारणे’ म्हणतात. शब्द किती भोळा! माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील वांग्याला औषध मारता मारता बांधावर कोसळले, तेव्हा त्यांच्या कारभारणीने मला निरोप धाडला होता. इस्पितळात गेलो तर तोंडाला फेस, अंग घामाने थबथबलेले, आणि नाडी इतकी सावकाश, की दोन ठोक्यांच्या मध्ये मी श्वास धरून बसे.

“गुरुजी, सकाळपासनं पंप पाठीवर हुता. वारं तोंडावर येत हुतं,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी डोळ्यावर बॅटरी धरून बाहुली पाहिली आणि अ‍ॅट्रोपिनची सुई दिली. थोड्या वेळाने पुन्हा दिली, मग पुन्हा. मी बाहेर येऊन विचारले, “डॉक्टर, किती द्यायची?”

“छाती कोरडी होईपर्यंत आणि नाडी उचलेपर्यंत, मास्तर. मोजून भागत नाही.”

अ‍ॅट्रोपिन ही आपल्या धोतऱ्याच्या कुळातली चीज. महादेवाला वाहतो त्या धोतऱ्याचे हे नातलग फळा पुसत नाही. ते वाचणाऱ्यांच्या डोळ्यांवर हात धरते. (म्हणून कोणी घरी धोतरा वाटायला घेऊ नये, त्यानेही माणूस मरतो. रोग्याचे कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि गाडी पाहावी.) लोवींनी बेडकाच्या हृदयावर हेच अ‍ॅट्रोपिन टाकून निरोप अडवला होता. ग्राट्सच्या त्या दोन बेडकांचे काम आमच्या बांधावरच्या माणसापर्यंत येऊन पोचले, आणि तो वाचला. पहाटेपर्यंत नाडी चालती झाली.

त्यानंतर मी वर्गात एक तास ठेवला आहे. तो अभ्यासक्रमात नाही. विषाच्या डब्यावर एक रंगीत खूण असते. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळी त्याखालची, मग निळी, मग हिरवी. मी रंगीत खडूने चौघी फळ्यावर काढतो आणि मुलांना सांगतो, घरी जाऊन डबे पाहा आणि उद्या रंग सांगा. हात लावायचा नाही, लांबून पाहायचे. यंदा दुसऱ्या दिवशी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “आमच्याकडे लाल आहे, गुरुजी. पण त्यात औषध नाही. आई त्यात गोडं तेल ठेवते.”

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर घरी गेलो. आईने चुलीशेजारचा डबा उचलून माझ्यापुढे धरला. आतून लखलखीत होता.

“चांगला हाय की गुरुजी,” ती म्हणाली, “राख लावून दोनदा घासलाय.”