सहा चुली, एक खोली

फराळाच्या तळणीचा वास आला, की मला त्यामागून रॉकेलचा वास येतो. आमच्या चाळीत शेगडी पेटवायची ती बाहेर गॅलरीत. कोळशावर थोडे रॉकेल ओतून, पुठ्ठ्याने वारा घालून, धूर निघून गेला आणि निखारे लाल झाले म्हणजे ती फडक्याने धरून आत न्यायची. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडलेला कधी पाहिला नाही. आपला धूर आपल्या खोलीत नको, म्हणून तो गॅलरीत. गॅलरी मात्र सर्वांची, त्यामुळे धूरही सर्वांचा! स्वस्त भाडे आणि स्वच्छ हवा यांची मुंबईत शंभर वर्षे जी ओढाताण चालली, ती पुढे वाचीत गेलो तेव्हा ही शेगडी मला पानोपानी भेटली.

आरंभ प्लेगपासून करावा लागतो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्या काळी रोगाचा दोष कोंदट हवेला देत असत. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, समुद्राचा वारा शहरात आणला. परंतु आरंभीच्या वर्षांत जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत. उठवलेली माणसे गिरणीपासून दूर जाणार कशी? ती शेजारच्या गल्लीत शिरली, तेथली गर्दी वाढली, भाडी चढली. वारा आला आणि छप्पर गेले, असा तो व्यवहार.

१९१२ साली मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. त्याचा रोख धुराड्यांवर होता. ज्या कामगाराच्या श्रमावर ते धुराडे चाले, त्याच्या बायकोच्या डोळ्यांत जाणारा धूर कोणी मोजला नाही.

तो पाहिला एका स्त्रीने. १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत डॉ. बार्न्स या बाई सरकारतर्फे गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करीत चाळीचाळींतून हिंडत होत्या. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर सुमारे १५ फूट लांब आणि १२ फूट रुंद अशी खोली त्यांनी पाहिली. तीत सहा कुटुंबे राहत होती. लहानमोठी मिळून माणसे तीस. याला पुरावा काय, तर जमिनीवरच्या सहा वेगळ्या चुली! सहांपैकी तीन बायका दिवसांत होत्या. बाळंतपण कोठे करणार, असे विचारता कोपऱ्यातली तीन फूट बाय चार फूट जागा दाखविण्यात आली. तेथे पडदा लावावयाचा. सहा चुलींच्या धुराने रात्री भरलेली ही हवा आईला आणि मुलाला बाधेल, हे बाईंनी नि:संदिग्ध शब्दांत नोंदविले. पुढे मजुरांविषयीच्या शाही आयोगाच्या १९३१ च्या अहवालातही हा उतारा आला. मी तो अनेकदा वाचला आहे. दर वेळी मी त्या पडद्यापाशी अडखळतो.

त्याच सुमारास सरकार घरे बांधीत होते. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० साली, डेव्हलपमेंट खाते निघाले. पन्नास हजार गाळ्यांचा संकल्प सोडला. पैशासाठी कापसाच्या दर गाठीवर एक रुपया पट्टी बसविली. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले, चाळीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. बांधकाम सिमेंट-काँक्रीटचे. ते इतके पक्के, की सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या चाळींचा सरकारने तुरुंग केला, आणि त्यासाठी इमारतीत फारसे बदलावे लागले नसावे, असे मला वाटते.

गंमत अशी, की या चाळींतल्या पुष्कळ खोल्या प्रारंभी रिकाम्या राहिल्या. सरकार खर्चापेक्षा कमी भाडे घेत होते, तरी ते मजुराला जड वाटे, आणि कित्येकांना गिरणी लांब पडे. खोलीत मोरी होती ही मोठीच सोय, पण खिडक्यांत सिमेंटच्या झडपा बसविल्या होत्या, त्यामुळे उजेड आणि वारा दोन्ही अडत. चूल पेटली की धूर जाणार कोठे? ज्याने आराखडा काढला त्याने तेथे कधी भाकरी भाजली नसणार, एवढे मी खात्रीने म्हणेन.

भाड्याचा प्रश्न कायद्याने सोडवू पाहिला. १९१८ चा भाडेनियंत्रण कायदा युद्धकाळापुरता होता. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली. भाडेकरू वाचला, पण मालकाने चाळीच्या डागडुजीतून अंग काढून घेतले. धुराला वाट करून देणे तर दूरच राहिले.

धुराची वाट निघाली ती निराळ्याच दिशेने. १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने मुंबईत सिलिंडरमधला गॅस आणला. तो सर्वांच्या घरी पोचायला कित्येक वर्षे लागली. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. आमच्याकडे मधला काळ भरभर वाजणाऱ्या स्टोव्हने काढला. पहिल्या दिवशी गॅसची निळी ज्योत पाहायला अर्धी चाळ आली होती. आईने चहा केला तोही सगळ्यांसाठी. गॅलरीतली शेगडी मात्र तिने टाकली नाही. थंडीत पाणी तापवायला असू दे, म्हणाली.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या जुन्या चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांत पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्याआधी काही वर्षे मी एका परिचितांकडे नायगावच्या चाळीत गेलो होतो. खोलीला नवा रंग होता. ओट्याच्या वर, छताच्या कोपऱ्यात, एक काळसर पट्टा रंगातूनही डोकावत होता. घरमालकीण म्हणाल्या, "किती वेळा रंग दिला, पण सासूबाईंची चूल काही जात नाही."