मसाले व रुचिद्रव्ये

अन्नास सुवास, रंग वा तिखटपणा आणणाऱ्या वनस्पतींच्या सुक्या भागांस मसाले म्हणतात. मीठ, चिंच, गूळ इ. चव खुलविणारे पदार्थ ही रुचिद्रव्ये होत. मसाल्यांचा गुण मुख्यत्वे त्यांतील बाष्पनशील तेलांवर अवलंबून असून तो प्रामुख्याने नाकास जाणवतो. रुचिद्रव्यांचे कार्य जिभेवर होते. इतिहासात मात्र हा भेद गुणधर्मांइतकाच किंमत व गरज यांवरून ठरत आला आहे.

सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यातील वैराग व त्याचा परिसर हा कमी पावसाचा, ज्वारीचा मुलूख. तेथील काळ्या मसाल्यातील लवंग, दालचिनी व मिरी हे जिन्नस दूरच्या दमट प्रदेशांतून व्यापारामार्फत येत. त्यामुळे ते बेतानेच वापरले जात. मिठावाचून मात्र गरिबाचीही भाकरी गोड लागत नसे.

हा प्रदेश बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या अंमलाखाली होता. त्या वंशातील तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लास (सु. ११३१) या ग्रंथातील पाककृतींत हिंग, मिरी व सैंधव आढळतात, मिरची आढळत नाही. मूळची अमेरिकेतील ही वनस्पती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत भारतात आली व तिखटपणामुळे तिला मिरीवरून नाव मिळाले. तिचा दाहकपणा कॅप्सायसीन या द्रव्यामुळे असतो. मिरीप्रमाणे ती दुरून आणावी लागत नसे. शेताच्या बांधावरही ती पिके. व्यापारात मिरचीची गणना मसाल्यांत होत असली, तरी स्वयंपाकघरात तिने मिठाशेजारची जागा घेतली. ‘मीठमिरची’ हा जोडशब्द त्याचा निदर्शक आहे. सोलापूरची प्रसिद्ध शेंगाचटणीही याच बदलाचे फळ होय. तिच्यातील भुईमूग व मिरची ही दोन्ही पिके अमेरिकेतून आलेली आहेत.

मसाला टाळता येतो, मीठ टाळता येत नाही. म्हणूनच ब्रिटिश अमदानीतील मीठकराचा भार गरिबांवर अधिक पडला. मिठाच्या सत्याग्रहात मे १९३० मध्ये गांधीजींना अटक होताच सोलापुरात प्रक्षोभ उसळला व तेथे लष्करी कायदा पुकारण्यात आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आले. मीठकर १९४७ मध्ये रद्द झाला.