धमनीच्या नावातला वारा

रक्तदाब वाढलेल्या माणसाच्या धमन्या किती ताठरल्या आहेत हे मोजण्याच्या विद्येचे कूळ शोधावयास मी निघालो आणि पहिल्याच पायरीवर 'धमनी' या शब्दापाशी अडलो.

हा शब्द 'ध्मा' म्हणजे फुंकणे या धातूपासून निघाला, याबद्दल तक्रार नाही. ध्मानामुळे धमनी, स्रवणामुळे स्रोतस आणि सरणामुळे सिरा अशी फोड चरकसंहितेतच आहे. तक्रार आहे ती फुंकण्याच्या अर्थाविषयी. ग्रीकांचा 'आर्टेरिया' हा शब्द श्वासनलिकेसही लागू होता. मेलेल्या प्राण्याच्या धमन्या रिकाम्या सापडत, म्हणून त्यांतून वायू वाहतो असे एरासिस्ट्राटसाने मानले आणि जिवंत धमनीत रक्तच असते हे गेलनने दाखवीपर्यंत तो समज टिकला. त्या नावात हवेचा वाचक शब्द दडला आहे असे पूर्वापार सांगतात. उलट, उचलणे वा टांगणे या अर्थाच्या धातूपासून ते आले असा दुसरा पक्ष आहे, आणि मला तोच सबळ वाटतो. परंतु एवढ्या साम्यावरून आपल्या वैद्यांनाही धमनीत केवळ वाराच दिसला, असा फैसला देणे मला मान्य नाही. टीकाकार चक्रपाणिदत्ताने 'ध्मान' म्हणजे रसादिकांनी भरणे असा खुलासा केला आहे. तेव्हा लोहाराच्या भात्यासारखी भरून फुगते ती धमनी, असा माझा दावा आहे.

या दाव्याला अनपेक्षित दाखला मिळाला तो इंग्लंडात. 1733 साली ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्त 8 फूट 3 इंच चढलेले पाहिले होते. त्याच ग्रंथात त्याने धमन्यांच्या लवचीकपणाला आगीच्या बंबातील हवेच्या कोठीची उपमा दिली. पंप ठोक्याठोक्याने पाणी ढकलतो, कोठीतील हवा दबते व पुन्हा पसरते, म्हणून धार अखंड राहते. जर्मन भाषेत या कोठीला 'विंडकेसल' म्हणजे वायुपात्र म्हणतात, आणि 1899 साली ओटो फ्रँकने त्याच नावाखाली धमन्यांचे गणित मांडले. गेलनने धमनीतून हाकललेला वारा असा उपमेच्या वाटेने परतला!

पुढचा वंशविस्तार सुपरिचित आहे: 1808 साली टॉमस यंगने नाडीतरंगाच्या वेगाचा विचार मांडला, आणि 1878 साली मोन्स व कोर्टेवेग यांनी त्याचे सूत्र बसविले. त्यानुसार भित्तीचा ताठपणा चौपट झाला, तर वेग दुप्पट होतो.

माझ्या वडीलबंधूंची तपासणी मी जवळून पाहिली. दहा मिनिटे स्वस्थ पडून राहिल्यावर आधी रक्तदाब नोंदला, कारण दाब चढला की वेगही चढतो. मग पेन्सिलीसारखे यंत्र प्रथम मानेवर, नंतर जांघेत टेकविले. मार्ग 50 सेंटिमीटर, विलंब 45 मिलिसेकंद. वेग सेकंदाला 11 मीटर. 10 ही सीमा ओलांडली गेली होती. दादांनी विचारले, "म्हणजे काय झालं?" मी त्यांना आमच्या गावच्या लोहाराचा भाता आठवायला सांगितला, ज्याचे कातडे सुकू नये म्हणून तो त्याला तेल चोळीत असे.